दोन नावांची पितळी पाटी : प्रकल्प नोंदी

१९ ऑगस्ट २०२४

प्रकल्प ठरला एकदाचा. ९ नोव्हेंबर हा राष्ट्रीय विधी सेवा दिन. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ साली याच तारखेला लागू झाला. दरवर्षी त्या दिवशी आमच्या विधी महाविद्यालयाच्या मोफत सल्ला केंद्रात दीपप्रज्वलन, एक भाषण आणि चहा-बिस्किटं होतात. मी इथे आठवड्यातून दोन दुपारी बसते, बाकीचे दिवस कोर्टात. प्राचार्य बाई म्हणाल्या, "यंदा भिंतीवर राहील असं काहीतरी करा, खर्चाचं मी बघते." मी तिथल्या तिथे सांगितलं: सहा फलक, मराठीत, विषय एकच. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचं 'मंडेला अँड टाम्बो', म्हणजे नेल्सन मंडेला आणि ऑलिव्हर टाम्बो या दोन वकिलांचं ऑफिस.

हा विषय माझ्या मनात फार वर्षं आहे. तुरुंगातले मंडेला आणि राष्ट्राध्यक्ष मंडेला मुलांना शाळेपासून ठाऊक असतात. पण आपल्यासारखाच तारखा सांभाळणारा, फायली शोधणारा, पक्षकाराला "उद्या दहाला या, कागद विसरू नका" म्हणणारा वकील त्यांना भेटलेलाच नसतो. या दोघांनी १९५२ ते १९६० रोज सकाळी गर्दीतून वाट काढत टेबल गाठलं. ते मुलांना दिसावं असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सहज विचारलं. मंडेला कोण? सगळे हात वर. टाम्बो कोण? एकच हात. त्या मुलाचा मामा कामानिमित्त जोहान्सबर्गला जातो, आणि तिथल्या विमानतळाला २००६ साली ऑलिव्हर टाम्बो यांचं नाव दिलंय. ते कोण होते, हे त्यालाही माहीत नव्हतं. पाटीवर नावं दोन होती. फलकांवरही दोन्ही राहतील, सारख्याच अक्षरांत. बाकी सगळं नंतर ठरवू.

मदतीला दोघं मिळाले. एक मुलगी, हात चित्रकलेचा. एक मुलगा, मराठी टायपिंग झकास.

२७ ऑगस्ट

आजची सगळी दुपार एका शब्दात गेली. दोघंही ॲटर्नी होते. नुसतं 'वकील' लिहिलं तर चालेल, पण मग एक महत्त्वाची गोष्ट निसटते. तिकडे त्या काळी वकिलीचे दोन वर्ग. ॲडव्होकेट वरच्या कोर्टात उभा राहणार आणि त्याच्याकडे पक्षकाराला थेट जाता येत नसे. ॲटर्नीचं दार मात्र सगळ्यांना उघडं. तोच माणसाचं म्हणणं ऐकून घेणार, कागद करणार आणि खालच्या कोर्टात उलटतपासणीही घेणार. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतही (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट अशी विभागणी १९७० च्या दशकापर्यंत सक्तीची होती, त्यामुळे जुन्या मुंबईकर वकिलांना हे सांगावं लागणार नाही. मुलांना लागेल. शेवटी 'ॲटर्नी' तसंच ठेवलं आणि पहिल्या फलकावर दोन ओळींत अर्थ दिला.

'आर्टिकल्ड क्लार्क'चं काय करायचं, तर मुलगा म्हणाला, "मॅम, सीए करणारी मुलं आर्टिकलशिप करतात, तेच ना हे?" तेच. आर्टिकलशिप लिहायचं. घराघरात माहीत असलेला शब्द.

५ सप्टेंबर

फलक १: ऑफिसच्या आधीचे दोघं.

मंडेला १९१८ चे, टाम्बो १९१७ चे. फोर्ट हेअरच्या कॉलेजात ओळख, आणि वेगवेगळ्या वेळी दोघांनाही विद्यार्थ्यांच्या आंदोलनापायी तिथून बाहेर पडावं लागलं. टाम्बो जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्स शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला लागले. मंडेला, पुढे चळवळीत त्यांचे सहकारी झालेल्या वॉल्टर सिसुलूंच्या ओळखीने, एका ज्यू वकिलांच्या ऑफिसात आर्टिकलशिपला लागले. तिथले लाझार सिडेल्स्की यांनी त्यांना आपला जुना सूट दिला. तो मंडेलांनी जवळजवळ पाच वर्षं वापरला, इतका की शेवटी त्यात कापडापेक्षा ठिगळं जास्त होती.

याच ऑफिसातली कपांची हकीकत मला फलकावर हवीच होती. पहिल्याच दिवशी तिथल्या सेक्रेटरीने चांगुलपणाने सांगितलं की इथे आम्ही काळा-गोरा मानत नाही. आणि लगोलग हेही सांगितलं की तुमच्या दोघांसाठी दोन नवे कप आणलेत. दुसरा म्हणजे गाऊर राडेबे, तिथलाच काळा कारकून. चहा आला तेव्हा राडेबेंनी नवे कप बाजूला सारून मुद्दाम जुन्यातला एक उचलला, सगळ्यांसमोर. मंडेला अवघडले. मला तहान नाही म्हणाले, आणि पुढे स्वयंपाकघरात जाऊन एकटेच चहा पीत राहिले.

मी खाली खुलासा लिहायला घेतला होता. चित्र काढणारी मुलगी मराठवाड्यातली. ती म्हणाली, "मॅम, याला खुलासा नको. माझ्या आजोबांनी हॉटेलाबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपातच चहा प्यायलाय. आम्हाला लगेच कळतं." खुलासा काढून टाकला. तिने दोन कप काढलेत, एक कोरा आणि एक कान तुटलेला. तुटका कप हातात धरलेला आहे.

१३ सप्टेंबर

गणपतीमुळे कोर्टाचं काम पातळ, म्हणून आज सलग बसता आलं. फलक २: चॅन्सेलर हाउस.

मंडेलांनी ऑगस्ट १९५२ मध्ये इथे स्वतःचं ऑफिस उघडलं आणि त्याच वर्षी टाम्बो भागीदार म्हणून आले. फॉक्स स्ट्रीटवरची छोटी इमारत, समोर मॅजिस्ट्रेटचं कोर्ट, कोर्टाच्या दाराशी न्यायाचे संगमरवरी पुतळे. इमारत एका भारतीय कुटुंबाच्या मालकीची होती, आणि मध्य शहरात आफ्रिकन माणसाला ऑफिस भाड्याने मिळेल अशा मोजक्या जागांपैकी एक. दारावर पितळी पाटी: मंडेला अँड टाम्बो. आफ्रिकन वकील शहरात आणखीही होते. आफ्रिकन वकिलांची भागीदारीतली फर्म ही एकटीच.

गर्दीचं वर्णन टाम्बोंनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय. बसायच्या खोलीतल्या खुर्च्या भरून लोक व्हरांड्यात सांडलेले असत आणि टेबलापर्यंत पोचायला त्या रांगांमधून जावं लागे. आठवड्याला गावाकडून शेतकऱ्यांची शिष्टमंडळं येत, उन्हापावसाने रापलेली म्हातारी माणसं. आमच्या किती पिढ्या या तुकड्यावर राबल्या आणि आता आम्हाला हुसकून लावतायत, हे सांगायला. घरी बिअर गाळून चार पैसे जोडणाऱ्या म्हाताऱ्या बायका येत, त्यांच्यापुढे तुरुंग उभा असे. गोऱ्यांच्या दारातून आत गेलं म्हणून खटला, गोऱ्यांच्या बसमध्ये चढलं म्हणून खटला, रात्री अकरानंतर रस्त्यावर दिसलं म्हणून खटला, आफ्रिकन माणसाला फिरायला लागणारं पासाचं पुस्तक खिशात नाही म्हणून खटला.

पासाच्या कायद्याचं नाव वाचून मुलगा थांबला. ऑफिस उघडलं त्याच वर्षी, १९५२ मध्ये, सरकारने जो कायदा केला त्याच्या नावातच 'पास रद्द करणे' होतं. जुने निरनिराळे पास खरंच रद्द झाले. त्यांच्या जागी एक जाड रेफरन्स बुक आलं, ते चोवीस तास जवळ बाळगायचं, आणि पुढे बायकांवरही त्याची सक्ती झाली. मी त्याला सांगितलं, कायद्याचं नाव पूर्ण लिही. कायदा शिकणाऱ्या माणसाने नाव वाचून थांबू नये, कलमं वाचावीत.

व्हरांड्याच्या चित्रावर अडलोय. माणसं किती काढायची? मी म्हटलं, जेवढी मावतील तेवढी, आणि तोंडं सगळ्यांची वेगळी.

२२ सप्टेंबर

फलक ३ साठी खटले निवडले. सुरुवातीला दहा काढले होते. त्यातला एक आता एकटाच अर्धा फलक घेणार आहे.

१९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का बसायचा. एका मिश्रवंशीय माणसाची नोंद 'आफ्रिकन' अशी झाली. तो दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यातून उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढून आलेला. एका शिक्क्याने तो कुठे राहणार, कुठे काम करणार, सगळं बदलणार होतं. प्रकरण मंडेलांकडे आलं. ज्या कायद्याखाली ही नोंद झाली तो कायदाच त्यांना अमान्य होता, तरी त्यांनी वकीलपत्र घेतलं. कागद जमवले. सुनावणीत मॅजिस्ट्रेटने कागदांकडे फारसं पाहिलंच नाही. त्या माणसाला म्हणाला, पाठ फिरव. त्याच्या खांद्यांचा उतार नीट न्याहाळला, शेजारच्या अधिकाऱ्यांकडे बघून मान डोलावली आणि अपील मंजूर केलं. उतरते खांदे म्हणजे मिश्रवंशीय, अशी त्यांची खूण होती.

खटला जिंकला. पक्षकार घरी गेला. मी हा मजकूर तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा शेवटी माझं मत घातलं. शेवटी मत काढलं. फलकावर फक्त पाठमोरा माणूस असेल, कोट घातलेला.

गरीब पक्षकाराचं काम जिंकल्यावर आपल्याला बरं वाटतं. हरलो असतो तरी ऐकून घेतलं याचंच त्याला बरं वाटलं असतं, असंही अनेकदा होतं. पण जिंकूनही वकिलाच्या घशाशी काहीतरी अडकून राहतं, असे निकाल मीही पाहिलेत. मुलांना हे आत्ताच कळलेलं बरं.

१ ऑक्टोबर

आज कोर्टात अण्णांना फलकांचा कच्चा मजकूर दाखवला. अण्णा आवारातल्या पिंपळाखाली चाळीस वर्षं टायपिंग करतायत. आधी रेमिंग्टन, आता संगणक. पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) असो, हजेरीमाफीचा अर्ज असो, तालुक्यातल्या निम्म्या वकिलांची मराठी त्यांनी दुरुस्त केलीय, माझीही. चष्मा वर करून सगळं वाचलं आणि विचारलं, "ताई, टाइप कोण करायचं?"

मला तिथल्या तिथे लाज वाटली. दोन नावांवर अन्याय नको म्हणून एवढी धडपड, आणि पाटीवर ज्यांची नावंच नव्हती त्यांना मी सरळ वगळून बसले होते. त्यांची नावं मला माहीत नव्हती असंही नाही.

"एवढी माणसं दारात म्हणजे रोजचे शंभर कागद," अण्णा म्हणाले. "दोघं वकील कोर्टात उभे राहणार, मग त्या बायाबापड्यांना दिवसभर तोंड कोण देणार? कारकूनच ना."

फलक ४ बदलला. आधी तिथे राजकीय चळवळीचा आढावा होता. तो कुठेही वाचायला मिळतो.

३ ऑक्टोबर

फलक ४: ऑफिसातली माणसं.

झुबेदा पटेल. मंडेला आधी एका दुसऱ्या ऑफिसात होते तेव्हा तिथल्या सेक्रेटरीने त्यांचं डिक्टेशन घ्यायला नकार दिला होता. तिच्या जागी झुबेदा आल्या. मंडेलांनी स्वतःचं ऑफिस काढलं तेव्हा त्या त्यांच्याबरोबर आल्या, आणि ओळखी दांडग्या असल्याने कितीतरी पक्षकारही घेऊन आल्या. नव्या वकिलाला पहिल्या वर्षात अशी एक व्यक्ती लागते. ज्यांनी शून्यातून ऑफिस उभं केलंय ते सगळे हे जाणतात.

रुथ मोम्पाती. आधी शिक्षिका. १९५३ पासून ऑफिस बंद होईपर्यंतच्या काळात इथे टायपिस्ट आणि सेक्रेटरी. फायलींमधल्या त्या हजारो हकिकतींतल्या कितीतरी यांच्या बोटांखालून गेल्या. १९६२ साली चळवळीच्या कामासाठी मुलांना मागे ठेवून देशाबाहेर गेल्या आणि परत यायला १९९० उजाडलं. त्याच वर्षी मे महिन्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या मंडेला-टाम्बोंच्या संघटनेची सरकारशी पहिली औपचारिक बोलणी झाली, तेव्हा टेबलाच्या या बाजूला त्या बसलेल्या होत्या. पुढे राजदूत झाल्या. त्यांच्या प्रांतातल्या एका जिल्ह्याला आज त्यांचं नाव आहे. २०१५ साली वारल्या.

गॉडफ्रे पिट्जे. आर्टिकलशिप करणारे. यांना वेगळी जागा लागेल.

अण्णांना फोन करून दोन्ही बायकांची नावं सांगितली. त्यांनी मोम्पातीचं शुद्धलेखन विचारून घेतलं.

९ ऑक्टोबर

पिट्जेंच्या टेबलाची गोष्ट आज पूर्ण झाली. सगळ्या फलकांत हाच मजकूर मला सर्वांत जवळचा वाटतो.

बोक्सबर्गच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात वकिलांना बसायला दोन टेबलं होती, एक गोऱ्यांचं आणि एक बाकीच्यांचं. पिट्जे पक्षकारातर्फे हजर झाले. मॅजिस्ट्रेटने सांगितलं, तुमच्या टेबलावर जाऊन बसा. पिट्जेंनी नकार दिला आणि उभं राहून आपलं म्हणणं मांडू लागले. कोर्टाचा अवमान म्हणून पाच पौंड दंड झाला. प्रकरण थेट ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयात गेलं. १९६० साली तिथल्या न्यायमूर्तींनी दंड कायम केला. म्हणणं असं की एका टेबलावरून जसं पक्षकाराचं काम चालवता येतं तसंच दुसऱ्यावरूनही येतं, मग तक्रार कशाची?

मुलीला सांगितलं, दोन टेबलं काढ, दोन्ही अगदी सारखी. लाकूड सारखं, दौत सारखी, खुर्ची सारखी. पिट्जे मधल्या मोकळ्या जागेत उभे. तिने तीन कागद वाया घालवले, कारण दुसरं टेबल आपोआप थोडं जुनाट होत होतं. चौथ्याला जमलं. न्यायालय सारखेपणावर बोट ठेवत होतं, म्हणून चित्रातही सारखेपणाच दिसायला हवा.

पाच पौंड भरून मोकळं होता आलं असतं. सामान्य आर्टिकलशिपवाल्याने तेच केलं असतं. सनद मिळायची आहे, करिअर आहे. या ऑफिसात शिकणाऱ्याला मात्र पाठीशी कोण आहे हे माहीत होतं. पुढे ते स्वतः ॲटर्नी झाले आणि ब्लॅक लॉयर्स असोसिएशनच्या उभारणीत पुढे होते.

१६ ऑक्टोबर

कोजागिरी. थोडक्यात.

फलक ५ चा वरचा भाग. १९५२ च्या कायदेभंग मोहिमेबद्दल मंडेलांना शिक्षा झाली होती, ती स्थगित होती. ट्रान्सवाल प्रांतातल्या ॲटर्नींच्या संस्थेने, लॉ सोसायटीने, १९५४ मध्ये त्यांची सनद काढून घ्यावी म्हणून अर्ज केला. वॉल्टर पोलाक हे जोहान्सबर्गच्या ॲडव्होकेटांमधलं मोठं नाव. ते एक पैसा न घेता मंडेलांसाठी उभे राहिले. न्यायमूर्ती रॅम्सबॉटम यांनी अर्ज फेटाळला आणि खर्चही लॉ सोसायटीवर बसवला. आपल्या लोकांसाठी कायदा मोडणं म्हणजे वकिलाच्या सचोटीला बट्टा नव्हे, असं त्यांनी धरलं. न्यायाधीशही त्याच व्यवस्थेतले होते. हे फलकावर लिहिलंच पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धी राहते.

दुसरीकडे शहराचे अधिकारी जागेवरून मागे लागलेले. शहरात ऑफिस ठेवायला मंत्र्याची परवानगी लागे. ती नाकारली गेली; तात्पुरता परवाना मिळाला, त्याचीही मुदत वाढवून मिळाली नाही, आणि शहराबाहेर दूरच्या वस्तीत जा असं सांगण्यात आलं. तिथे पक्षकार पोचलेच नसते. दोघं हलले नाहीत. खटल्याची टांगती तलवार घेऊन त्याच जागेत काम करत राहिले.

२४ ऑक्टोबर

आज फार वाईट वाटलं. छापखान्यातून प्रूफ आलं. फलक १ आणि २ त्यांनी आम्हाला न विचारताच छापूनही टाकले होते. वर ठळक अक्षरांत 'नेल्सन मंडेला यांचे वकिली कार्यालय', आणि खाली बारीक अक्षरांत 'भागीदार : ऑ. टाम्बो'. मांडणी करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, शीर्षक एका ओळीत बसत नव्हतं. मंडेला म्हटलं की लोकांना कळतं ना."

त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता, तरी आवाज चढला. नंतर शांतपणे त्याला खुर्चीवर बसवून टाम्बोंबद्दल सांगितलं. मंडेला कोर्टात गाजवायचे. त्यांची उलटतपासणी ऐकायला लोक गर्दी करायचे. टाम्बो टेबलावरचे. मसुदा तीनदा वाचणारे, मोजकं बोलणारे, सकाळी देवाची प्रार्थना करून येणारे. गालांवर त्यांच्या लोकांच्या रीतीप्रमाणे लहानपणी दिलेल्या खुणा. पाद्री व्हायचं होतं. त्या वाटेवर असतानाच डिसेंबर १९५६ मध्ये देशद्रोहाच्या खटल्यात पकडले गेले. त्याने ऐकून घेतलं. अक्षरांचा आकार कमी करून दोन्ही नावं एका ओळीत बसवली. दोन फलक नव्याने छापायचे १,८०० रुपये. ते मी भरले, प्राचार्य बाईंना सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर

आज टाम्बोंचा वाढदिवस. फलक ५ चा खालचा भाग आजच लिहायचा असं ठरवून ठेवलं होतं.

५ डिसेंबर १९५६ च्या पहाटेपासून धरपकड सुरू झाली. एकूण १५६ आरोपी, त्यात दोन्ही भागीदार. दोन वकिलांच्या ऑफिसातले दोघंही आरोपीच्या बाकावर असतील तर ऑफिसचं काय होतं, हे सांगायला नको. सुनावणी दिवसचे दिवस चाले. १९५७ च्या अखेरीस टाम्बोंवरचा आरोप मागे घेतला गेला, मंडेलांवरचा राहिला. १९५८ मध्ये खटला प्रिटोरियाला हलवला, म्हणजे मंडेलांचा सगळा दिवस जाण्यायेण्यात आणि कोर्टात. पक्षकार पांगले, पैशांची ओढाताण सुरू झाली. त्या काळात ऑफिसची बरीचशी मदार टाम्बोंवर होती. इतिहासाच्या पुस्तकात या महिन्यांना एक ओळ मिळते. ज्याने कुणी भागीदार आजारी असताना दोघांचा बोर्ड, म्हणजे रोजच्या खटल्यांची यादी, एकट्याने चालवलाय, त्याला या एका ओळीत किती रात्री आहेत ते कळेल.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिल वस्तीत पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. २७ तारखेला टाम्बोंनी संघटनेच्या सांगण्यावरून सीमा ओलांडली, बाहेर राहून काम करण्यासाठी. ३० ला आणीबाणी पुकारली गेली आणि मंडेलांना पकडलं. ऑफिसात कुणीच उरलं नाही.

आणि तरी मंडेला ऑफिस नीट बंद करायला आले. कैदेत असतानाच परवानगी मिळाली. शनिवार-रविवारी क्रूगर नावाचा सार्जंट त्यांना प्रिटोरियाहून जोहान्सबर्गला घेऊन यायचा. वाटेत गाडी थांबवून दोघांसाठी सुकं मांस, संत्री आणि चॉकलेट घ्यायला दुकानात जायचा, मंडेला गाडीत एकटे. ऑफिसात असताना ते काही आणायला खाली कॅफेतही जायचे. पळता आलं असतं. पळाले नाहीत, कारण तसा शब्दच दोघांमध्ये न बोलता ठरला होता. वर जाऊन हिशेब लावायचे, थकलेली देणी बघायची, प्रकरणं मार्गी लावायची.

आठ वर्षांचं ऑफिस बंद करताना फायलींचे गठ्ठे समोर ठेवून बसलेला तो माणूस मला मुष्टियोद्ध्याच्या पुतळ्यापेक्षा जवळचा वाटतो. चॅन्सेलर हाउससमोर २०१३ साली मार्को चियानफानेली यांचं पोलादी शिल्प उभं राहिलं, बॉक्सिंगच्या पवित्र्यातले मंडेला. शिल्प देखणं आहे. मुलाने फलक ६ साठी त्याचंच चित्र सुचवलं होतं. मी नको म्हटलं; त्यात एकच माणूस आहे.

३० ऑक्टोबर

दिवाळीआधी फलक ६ संपवला, लहानच ठेवला. १९६२ मध्ये मंडेला गुपचूप देशाबाहेर गेले तेव्हा दोघं भेटले होते. त्यानंतरची भेट मार्च १९९० मध्ये, स्टॉकहोमला. टाम्बो तिथे पक्षाघातातून सावरत होते. त्यांनी परागंदा राहून तीस वर्षं संघटना सांभाळली होती, त्यांच्या भागीदाराने सत्तावीस वर्षं तुरुंगात काढली होती. डिसेंबर १९९० मध्ये टाम्बो मायदेशी परतले. २४ एप्रिल १९९३ ला गेले. पुढच्याच वर्षी २७ एप्रिलला देशात सगळ्यांनी मतदान केलं, ते त्यांना बघायला मिळालं नाही.

चॅन्सेलर हाउसची बरीच वर्षं दैना झाली होती. आग लागली, बेघर लोक आसऱ्याला राहिले. २०११ पर्यंत डागडुजी होऊन ती नीट उभी राहिली. चित्रात मुलीने फक्त दार आणि पाटी काढलीय. पाटीला चार स्क्रू, आणि पितळेवर बाहेरच्या गर्दीचं पुसट प्रतिबिंब. ते तिचं तिनेच सुचून काढलं.

८ नोव्हेंबर

फलक लावले. उंची आधी जास्त झाली होती. बसलेल्या माणसालाही वाचता यावं म्हणून वीतभर खाली घेतले. प्राचार्य बाईंना पिट्जेंची गोष्ट असलेला फलक ४ दाराशी हवा होता; मी म्हटलं, तो मधल्या जागीच राहू दे, बाकांसमोर. कोर्टातून मोडीत निघालेली दोन लाकडी बाकं मागून आणली होती, ती त्याच्यासमोर ठेवली. व्हरांड्यात वाट बघणारी माणसं कशी बसायची ते कळावं म्हणून.

९ नोव्हेंबर

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. भाषणं चालू असताना ते फलक ४ समोरच्या बाकावर बसून होते. मोम्पातींचा मजकूर बोट ठेवून वाचला. मग मला खूण करून जवळ बोलावलं. "'सेक्रेटरी'त री दीर्घच हवी. तुम्ही बरोबर लिहिलंय," एवढंच म्हणाले, आणि परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

कार्यक्रम अकराला संपला. साडेअकराला एक बाई आल्या, कडेवर मूल, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. पोटगीचा हुकूम झालाय, पैसे मिळत नाहीत. त्यांना वाटलं आज कार्यक्रम म्हणून केंद्र बंद असेल, तरी आल्या. आल्या त्या सरळ बाकावर बसल्या. ते बाक प्रदर्शनाचं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मुलीने कागद घेतले, मुलाने अर्ज लिहायला घेतला. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत मदतीसाठी बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, हे त्याने न विचारता त्यांना समजावलं. तोवर आणखी तिघं आली. एक म्हातारे गृहस्थ सातबाऱ्याचा उतारा घेऊन पिट्जेंच्या दोन टेबलांकडे बघत उभे होते, बसायला जागा नव्हती.

सोमवारी करायचं: आणखी चार खुर्च्या मागवणे. फलक ३ आणि ४ मधली जागा रांगेसाठी मोकळी ठेवणे. फलक ५ चा खालचा कोपरा सुटतोय, दुहेरी टेप लावणे. अण्णांना विचारणे, आठवड्यातून एक दुपार इथे येऊन मुलांना अर्ज टाइप करायला शिकवतील का.